संशय आणि तुटलेपण : जुने विज्ञान-भयपट पाहायला सुरुवात कशी करावी

जुने इंग्रजी विज्ञान-भयपट पहिल्यांदा पाहणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते, की त्यांतला राक्षस आता भीतीदायक वाटत नाही. माझीही तीच तक्रार होती. ‘द थिंग’ मी पहिल्यांदा पाहिला तो हिंदी आवाजात, मोबाइलवर, दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी, आणि बर्फातला एक किळसवाणा प्राणी एवढेच त्यातून माझ्या हाती लागले. तोच चित्रपट ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरानंतर पुन्हा पाहिला, तेव्हा तो प्राण्याविषयी नाही हे माझ्या लक्षात आले.

आमचे घर उंच भागात असल्यामुळे त्या महापुरात पाणी दारापर्यंत आले नाही. परंतु शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, पाणी उपसणारी केंद्रे बुडाल्यामुळे नळ कोरडे पडले, वीज गेली, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फुटांवर गेली हे सांगणारे संदेशही फोन बंद पडल्यामुळे येईनासे झाले. अशा एका संध्याकाळी धरणाविषयी एक अफवा आमच्या गल्लीत आली. ती सांगणारा माणूस रोजच्या ओळखीचा होता आणि त्याचे म्हणणे पडताळून पाहण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नव्हता. अर्ध्या गल्लीने सामान बांधायला घेतले, उरलेली अर्धी त्यांच्याकडे संशयाने पाहू लागली. पाण्याची भीती होतीच, पण कोणाचे खरे मानावे हे न कळण्याचा त्रास तिच्याहून वेगळा आणि अधिक जिव्हारी लागणारा होता.

या चित्रपटांतले तुटलेपण नेमके असे आहे. माणसे एकटी असतातच असे नाही. बाहेरून खातरजमा करण्याची वाट बंद होते, आणि त्यानंतर शेजारच्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. हे सूत्र मला फार उशिरा सापडले. तुम्हाला ते पहिल्याच आठवड्यात सापडावे म्हणून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. साहित्य जमवा

सुरुवातीला चार चित्रपट पुरेसे आहेत : ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६, सुमारे ८० मिनिटे), ‘एलियन’ (१९७९, सुमारे ११७ मिनिटे), ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९७८, सुमारे ११५ मिनिटे) आणि ‘द थिंग’ (१९८२, सुमारे १०९ मिनिटे). याच क्रमाने पाहावेत असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे पुढे त्या-त्या ठिकाणी येतील.

याशिवाय पुढील गोष्टी जवळ ठेवा :

– एक वही आणि पेन. ‘द थिंग’साठी ही वही अत्यावश्यक आहे.
– चांगले हेडफोन किंवा स्पीकर. पत्र्यावर पडणाऱ्या जुलैच्या पावसात टीव्हीच्या आवाजातले बारकावे ऐकूच येत नाहीत.
– इंग्रजी सबटायटल्स. इंग्रजी चांगले येत असले तरी ती सुरू ठेवा.
– पूर्ण अंधार होणारी खोली आणि सलग दोन तास. पावसाळ्यात पाहणार असाल तर इन्व्हर्टरची बॅटरी आधी तपासून घ्या, कारण मध्येच वीज गेल्यास उभारलेला ताण पुन्हा जुळत नाही.
– एक किंवा दोन सोबती, त्याहून अधिक नकोत. मोठ्या घोळक्यात कोणीतरी हसते, मग सगळेच हसतात, आणि संशयाची गोष्ट तिथेच संपते.

२. आवृत्ती तपासा

नवखे लोक सर्वांत जास्त इथे फसतात. एकाच नावाचे अनेक चित्रपट असल्यामुळे केवळ नाव शोधून पाहायला बसू नका, वर्ष पाहा. ‘द थिंग’ नावाचा दुसरा चित्रपट २०११ मध्ये आला असून त्यात १९८२ च्या कथेआधीचा भाग आहे. तो आधी पाहिल्यास मूळ चित्रपटातली पहिली वीस मिनिटे वाया जातात. ‘बॉडी स्नॅचर्स’ची कथाही १९९३ आणि २००७ मध्ये पुन्हा चित्रित झाली आहे. १९५६ चा चित्रपट कृष्णधवल आहे. त्याची पुढे रंगवलेली आवृत्तीही फिरते, ती टाळा, कारण त्या चित्रपटातल्या सावल्या रंगाखाली मरून जातात. ‘एलियन’ची २००३ मध्ये निघालेली दिग्दर्शकीय आवृत्ती चांगली आहे, तरी पहिल्या वेळी १९७९ चीच पाहावी.

डबिंगच्या बाबतीत माझा अनुभव कडू आहे. या चित्रपटांत माणूस बदलला की नाही याचा एकमेव पुरावा अनेकदा त्याचा आवाज असतो. एखादे वाक्य किंचित सपाट उच्चारले जाते, उत्तर अर्धा क्षण उशिरा येते. डबिंगमध्ये सगळेच आवाज सारखे सपाट होतात आणि हा पुरावा नाहीसा होतो.

आणखी एक सूचना कळकळीने करतो. १९७८ च्या चित्रपटाविषयी इंटरनेटवर चित्रे शोधू नका. त्याची शेवटची चौकट विनोदी संदेशांमधून इतकी फिरली आहे की शोधताच ती समोर येते, आणि एकदा दिसली की तो शेवट तुमच्यापासून कायमचा हिरावला जातो.

कोणत्या मंचावर कोणता चित्रपट आहे हे सतत बदलत असल्यामुळे त्याविषयी इथे लिहीत नाही. अधिकृत मंचांवर भाड्याने मिळाल्यास तिथून घ्या. चोरट्या प्रतींमध्ये काही वेळा कडेची चौकट कापलेली असते, आणि या चित्रपटांत महत्त्वाचा माणूस पुष्कळदा कडेलाच उभा असतो.

३. ‘अंगात येणे’ आणि हे यांतला फरक मनाशी ठरवा

ही पायरी चित्रपट सुरू करण्यापूर्वीची आहे आणि मराठी प्रेक्षकाने ती वगळू नये. आपल्याकडे एखाद्याच्या अंगात आले किंवा त्याला झपाटले, तर ते सगळ्यांना दिसते : केस सुटतात, आवाज बदलतो, माणसे गोळा होतात. बदल उघड असतो, म्हणून त्यावर उपायही उघडपणे करता येतो. या चित्रपटांत बदल झालेला माणूस आधीपेक्षा शांत आणि समंजस दिसतो. त्याचे नाव, आठवणी, सवयी सगळे जागेवर असते.

याच्या अधिक जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे आहे ती नल-दमयंतीच्या स्वयंवराची. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचे रूप घेऊन बसतात आणि दमयंतीसमोर पाच नल उभे राहतात. तिला खुणा सापडतात : देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. आता कल्पना करा, की यांतली एकही खूण उरलेली नाही, पाचही नलांच्या पापण्या लवतात आणि पाचही जण घामाने भिजलेले आहेत. पुढचे चारही चित्रपट त्या मंडपात घडतात.

४. पहिला चित्रपट : १९५६

डॉन सीगल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जॅक फिनी यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मिरा या काल्पनिक गावात एक डॉक्टर परत येतो, तेव्हा त्याला भेटण्यासाठी रुग्णांची घाई उडालेली असते. एक मुलगा आईला आई मानायला तयार नाही. एका स्त्रीला वाटते, की तिचे काका तिचे काका नाहीत. दिसायला-बोलायला तेच आहेत, पण तिच्याकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत जे असायचे ते आता नाही. वैद्यकशास्त्रात अशा भ्रमाला फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ कॅप्ग्रा यांचे नाव आहे. त्यांनी १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले. म्हणून डॉक्टर सुरुवातीला जे निदान करतो ते मूर्खपणाचे नाही, हे ध्यानात ठेवा.

खरी भीती त्यापुढे आहे, आणि पहिल्या वेळी मी ती चुकवली होती. तक्रार करणारी माणसे एकेक करून सांगू लागतात, की आता बरे वाटते आहे, उगाच त्रास दिला. डॉक्टरला समाधान वाटावे अशी ही गोष्ट असते. त्या क्षणी स्वतःला विचारा, की ‘बरे वाटते’ हे कोण सांगत आहे.

तुटलेपणासाठी टेलिफोनकडे लक्ष द्या. गाव कुठल्याही बेटावर नाही, रस्ते चालू आहेत, तारा शाबूत आहेत. पण बाहेरगावी लावलेला प्रत्येक फोन गावातल्या ऑपरेटरमार्फत जातो. बाहेरचा मार्ग उघडा असून त्याच्या दारावर कोण बसले आहे हे माहीत नसणे, हे मला बर्फाने किंवा पुराने अडकण्यापेक्षा भयंकर वाटते.

या चित्रपटाचा काळ अमेरिकेत साम्यवादाच्या भीतीचा आणि ती भीती वापरून होणाऱ्या चौकशांचा होता. त्यामुळे काहींना त्यातली बदललेली माणसे साम्यवादी वाटतात, तर काहींना शेजाऱ्याकडे संशयाने पाहायला लावणारा तो चौकशीचा समाज. दोन्ही अर्थ लागतात, आणि नवख्याने त्यांत लगेच निवड करू नये. रुग्णालयातली सुरुवातीची आणि शेवटची दृश्ये निर्मिती कंपनीच्या आग्रहामुळे जोडली गेली एवढे मात्र माहीत असू द्या. चित्रपट संपल्यावर ती मनातून काढून पाहा.

५. दुसरा चित्रपट : ‘एलियन’

‘बॉडी स्नॅचर्स’चे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर मन कथानकांची तुलना करण्यात गुंतते, म्हणून मध्ये ‘एलियन’ ठेवावा. रिडली स्कॉट यांच्या या चित्रपटात खनिज वाहून नेणाऱ्या ‘नोस्ट्रोमो’ यानावर सात जण आहेत. ते वीर नाहीत, नोकरदार आहेत. जागे झाल्यावर त्यांचा पहिला वाद पैशांच्या वाट्यावरून होतो. एच. आर. गीगर यांनी घडवलेला प्राणी जगप्रसिद्ध आहे, पण त्याची वाट पाहत बसलात तर चित्रपट संथ वाटेल, कारण तो फार थोडा वेळ दिसतो.

त्याऐवजी दाराचे दृश्य नीट पाहा. बाहेर गेलेले तिघे परत येतात, त्यांतल्या एकाच्या चेहऱ्यावर काहीतरी चिकटलेले असते, आणि यानावरची अधिकारी रिप्ले नियमाप्रमाणे २४ तासांच्या विलगीकरणाचा आग्रह धरून दार उघडायला नकार देते. दार दुसराच एक जण उघडतो. तो क्षण दयाळूपणाचा वाटतो आणि रिप्ले कठोर वाटते. वहीत एवढेच लिहा : दार कोणी उघडले, आणि का? करोनाकाळ अनुभवलेल्या कोणालाही त्या दृश्यातला पेच समजावून सांगण्याची गरज नाही.

यानातल्या माणसांना ‘मदर’ नावाच्या संगणकाकडून उत्तरे मिळतात, आणि ती कोणाला मिळावीत हे त्या माणसांच्या हाती नाही. पृथ्वीपासूनचे अंतर त्यांना तोडतेच. पण आपल्याला इथे का पाठवले हेच न कळणे त्यांना अधिक तोडते.

६. तिसरा चित्रपट : १९७८

फिलिप कॉफमन यांनी तीच कथा सॅन फ्रान्सिस्कोत आणली. गावाऐवजी महानगर आल्यामुळे तुटलेपणाची जातच बदलते : हजारो माणसांच्या गर्दीत कोण बदलले आहे हे पाहायला कोणाला वेळच नाही. चौकटीच्या मागच्या भागाकडे पाहत राहा. कचरा नेणारे ट्रक काय भरत आहेत, फुटपाथवर स्तब्ध उभी असलेली माणसे कोणाकडे पाहत आहेत, याविषयी पात्रे काहीच बोलत नाहीत. लिओनार्ड निमॉय यांनी रंगवलेला मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक तक्रारीला शहाणपणाचे स्पष्टीकरण देतो. त्याची वाक्ये ऐकताना ती पटतात, आणि ती पटणे हाच त्या दृश्यांचा धोका आहे. १९५६ चा नायक केविन मॅकार्थी इथे काही क्षण रस्त्यावर दिसतो, म्हणूनही तो चित्रपट आधी पाहिलेला असावा.

७. चौथा चित्रपट : ‘द थिंग’

यासाठी वेगळी रात्र राखून ठेवा आणि जेवण आधी उरकून घ्या. हा चित्रपट मुलांसोबत पाहू नये. कुत्र्यांवर जीव असलेल्यांनी कुत्र्यांच्या खोलीतल्या दृश्यासाठी मनाची तयारी करावी.

जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची मूळ कथा एका अमेरिकी मासिकाच्या ऑगस्ट १९३८ च्या अंकात आली. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांचा जन्म त्याच्या आदल्याच महिन्यातला, हा योगायोग मला फार प्रिय आहे. कॅम्पबेल यांच्या कथेवर १९५१ मध्ये एक चित्रपट निघाला होता, पण त्यात परग्रहावरचा जीव रूप बदलत नाही, त्यामुळे संशयाला जागाच राहत नाही. जॉन कार्पेंटर यांनी १९८२ मध्ये मूळ कल्पना परत आणली : हा जीव ज्याला गिळतो त्याची हुबेहूब नक्कल होतो.

चित्रपटाची घटना अंटार्क्टिकात १९८२ च्या हिवाळ्यात घडते. भारताची पहिली मोहीम त्याच वर्षी जानेवारीत त्या खंडावर उतरली होती. जानेवारी हा तिथला उन्हाळा. तिथल्या हिवाळ्यात विमाने येत नाहीत, म्हणून तळावरचे बारा जण महिनोन्‌महिने फक्त एकमेकांचे असतात.

पहिली अडचण हे बारा जण ओळखण्याची आहे. दाढी, टोपी आणि जाड कोट यांत सगळे सारखे दिसतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी वहीत नावे लिहा : वैमानिक मॅकरेडी, जीवशास्त्रज्ञ ब्लेअर आणि त्याचा सहायक फ्यूक्स, डॉक्टर कॉपर, तळप्रमुख गॅरी, यंत्रे सांभाळणारे चाइल्ड्स आणि पामर, कुत्री सांभाळणारा क्लार्क, भूभौतिकतज्ज्ञ नॉरिस, हवामानतज्ज्ञ बेनिंग्ज, रेडिओवरचा विंडोज आणि स्वयंपाकी नॉल्स. प्रत्येकासमोर दोन रकाने करा : ‘एकटा कधी होता’ आणि ‘किल्ली कधी हाताळली’ (कोणती किल्ली ते चित्रपटातच कळेल). चित्रपट न थांबवता जमेल तेवढेच भरा.

सुरुवातीला एक हेलिकॉप्टर बर्फावरून पळणाऱ्या कुत्र्याचा पाठलाग करते, आणि त्यातून उतरलेला माणूस नॉर्वेजियन भाषेत काहीतरी ओरडतो. त्याचा अर्थ शोधू नका. सर्वांना वाचवू शकेल अशी माहिती पहिल्या काही मिनिटांत मोठ्याने सांगितली जाते आणि ती भाषा तिथे कोणालाच येत नाही. तुम्हीही त्या बारा जणांइतकेच अडाणी राहा.

इथून पुढे थोडा कथाभाग उघड होतो. नको असेल त्यांनी थेट शेवटच्या पायरीकडे जावे.

ब्लेअर संगणकावर हिशोब मांडतो. हा जीव वस्तीपर्यंत पोहोचला तर पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत, म्हणजे साधारण तीन वर्षांत, सारे जग ग्रासले जाईल. त्यानंतर तो रेडिओ फोडतो आणि हेलिकॉप्टर निकामी करतो. बाकीचे त्याला वेडा ठरवतात आणि कोंडतात. आधीच्या तीन चित्रपटांत बाहेरची वाट दुसऱ्या कोणीतरी बंद केलेली असते. इथे ती आतल्याच माणसाने बाहेरच्यांच्या भल्यासाठी बंद केली आहे. हे बरोबर की चूक, यावर माझे मत तीनदा बदलले आहे.

त्याहून महत्त्वाचे दृश्य मॅकरेडीचे आहे. तो नायक आहे म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो. पण एका वादळात तो बाहेर राहतो, त्याचे फाटलेले कपडे सापडतात, आणि साथीदार त्याला आत घ्यायला नकार देतात. आपण त्याची बाजू घ्यायला जातो आणि अडखळतो, कारण मधल्या वेळेत कॅमेरा त्याच्यासोबत नव्हता. तोवर कॅमेरा ही आपली बाहेरून पाहण्याची खिडकी होती, आणि दिग्दर्शकाने ती न सांगता बंद केलेली असते. प्रेक्षकालाही असे तोडलेले मी या प्रकारच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. तुमच्या वहीतला ‘एकटा कधी होता’ हा रकाना नायकासमोरही भरावा लागतो, तेव्हा चित्रपट तुमच्या हाती आला असे समजा.

मॅकरेडी एका फितीवर बोलून ठेवतो, की आता कोणाचाच कोणावर विश्वास उरलेला नाही आणि सगळे थकले आहेत. या थकव्याकडे लक्ष द्या. महापुराच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या गल्लीतले वाद भीतीमुळे कमी आणि न झोपल्यामुळे जास्त होत होते.

मग रक्ताच्या परीक्षेचे दृश्य येते. दमयंतीला खुणा आयत्या मिळाल्या होत्या. इथे खूण माणसालाच तयार करावी लागते. जीवाचा प्रत्येक तुकडा स्वतःला वाचवू पाहील, या तर्कावर मॅकरेडी प्रत्येकाच्या रक्तात तापलेली तार बुडवतो. त्या वेळी तारेकडे सगळेच पाहतात; तुम्ही बांधून बसवलेल्यांचे चेहरे पाहा. आपण माणूस आहोत याची खात्री स्वतःला तरी आहे का, असा प्रश्न त्या चेहऱ्यांवर उमटतो.

रॉब बॉटिन यांनी केलेली शारीरिक रूपांतरे संगणकाशिवाय, रबर, रसायने आणि दोऱ्या वापरून घडवलेली आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध पाहून सेन्सॉरने आक्षेप घेतला होता, त्यांच्या शहरातल्या प्रेक्षकाला हातांनी घडवलेल्या भयाची किंमत वेगळी सांगायला नको. एन्नियो मोरिकोने यांचे संगीत हृदयाच्या संथ ठोक्यासारखे चालते. हेडफोनचा आग्रह मुख्यतः त्यासाठी होता.

८. पाहून झाल्यावर

लगेच स्पष्टीकरणाचे व्हिडिओ उघडू नका. शेवटी कोण खरा आणि कोण नक्कल, यावर असंख्य तर्क मांडले गेले आहेत, आणि ते वाचले की चित्रपटाचे कोडे होते, ज्याला एकच उत्तर असले पाहिजे असे वाटू लागते. सोबत्यांशी बोलताना ‘तो कोण होता’ यापेक्षा ‘तू त्याच्यावर विश्वास कधी सोडलास’ हे विचारा. दोन माणसांची उत्तरे क्वचितच एक येतात.

महिन्याभराने ‘द थिंग’ पुन्हा पाहा. या वेळी हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या माणसाच्या ओरडण्याचा अर्थ आधी शोधून घ्या. त्यानंतर कुत्रा तळाच्या बोळातून सावकाश चालत एका खोलीच्या दारापाशी थांबतो आणि आत जातो. भिंतीवर एका माणसाची सावली आहे, ती मान वळवते, आणि पडदा काळा होतो. तिथे चित्रपट थांबवा, वहीत पहिल्या ओळीवर ती वेळ लिहा आणि नावाची जागा कोरी ठेवा.